वाटा द्या, वायदा देऊ नका



रायगड जिल्ह्यातील एका वाचकबंधूंचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यांच्या तालुक्याच्या बाजारपेठेत एक गाळा विकायला निघाला आहे. किंमत 36 लाख रुपये. महिना 18 हजार भाडे देणारा दुकानदारही तयार आहे. बँकेचे कर्ज व्याजामुळे नको, म्हणून त्यांनी आपल्याच माणसांकडून पैसा उभा करायचे ठरवले आहे. मोठा भाऊ कुवेतला आहे, तो 16 लाख देईल. मामा निवृत्तीच्या रकमेतून 10 लाख देतील. स्वतःचे 6 लाख आहेत. बहीण सोने मोडून 4 लाख देणार आहे आणि शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणतात, "माझेही 4 लाख ठेवा." एकूण 40 लाख.

पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: "सगळ्यांना लाखामागे दरमहा दीड हजार रुपये द्यायचे आणि पाच वर्षांनी मुद्दल परत करायचे, असे मी तोंडी कबूल केले आहे. याला व्याज न म्हणता भाडे म्हटले, तर व्यवहार हलाल होईल ना?"

भाई, तुमची नियत चांगली आहे आणि एकत्र येऊन मालमत्ता घेण्याची कल्पनाही चांगली आहे. पण जे कबूल केले आहे ते हलाल नाही, कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे आणि हिशेबात बसणारेही नाही. तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. तुम्ही लोकांना गाळ्यात वाटा दिलेला नाही, आकड्याचा वायदा दिला आहे. अजून पैसे हातात आलेले नाहीत, तोवरच हे दुरुस्त करता येईल. कसे, ते क्रमाने पाहू.

कर्ज की भागीदारी?

दुसऱ्याचा पैसा घेण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला कर्जे-हसनाचा. बहिणीने 4 लाख दिले, तुम्ही ठरल्या मुदतीत 4 लाख परत केले. गाळ्याचे भाडे वाढो की गाळा रिकामा पडो, तिचा त्याच्याशी संबंध नाही. तिला एक रुपयाही जास्त मिळणार नाही आणि एक रुपयाही कमी चालणार नाही.

दुसरा मार्ग भागीदारीचा, ज्याला फिक्हमध्ये शिरकत किंवा मुशारका म्हणतात. बहिणीने 40 पैकी 4 लाख दिले, म्हणजे गाळ्याच्या दहाव्या हिश्श्याची ती मालकीण झाली. भाड्याचा दहावा हिस्सा तिचा, दुरुस्तीच्या खर्चाचा दहावा हिस्सा तिचा. उद्या गाळ्याची किंमत चढली तर वाढीचा दहावा हिस्सा तिचा आणि उतरली तर तोट्याचाही.

दोन्ही मार्ग स्वच्छ आहेत. बिघडते ते दोन्हींची सरमिसळ केल्यावर. मुद्दल कर्जासारखे सुरक्षित हवे आणि वर दरमहा ठरलेली रक्कमही हवी, हा तिसरा मार्ग व्याजाचाच आहे. त्याला भाडे म्हणा, नफा म्हणा, भेट म्हणा, 'हातखर्च' म्हणा. तोट्याची जोखीम न घेता कर्जावर मिळणारी ठरलेली वाढ म्हणजे रिबा. नाव बदलल्याने व्यवहार बदलत नाही.

मुंबई, मुंब्रा, भिवंडी भागात चालणाऱ्या 'हेवी डिपॉझिट'चेही असेच आहे. भाडेकरूकडून मोठी रक्कम घ्यायची, त्याला बिनभाड्याने किंवा नावापुरत्या भाड्याने राहू द्यायचे आणि जाताना पूर्ण रक्कम परत करायची. ती रक्कम परत करायची असते, म्हणजे ते कर्ज आहे आणि कर्जाच्या बदल्यात राहण्याचा फायदा दिला जातो. म्हणूनच अनेक उलमांनी त्याला हरकत घेतली आहे. घर घेताना पैसा कमी पडला म्हणून काही जण ही युक्ती वापरतात. ती टाळावी.

हिशेब मांडून पाहा

तुमचेच आकडे घेऊ. गाळा 36 लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि किरकोळ दुरुस्ती मिळून 3 लाख धरा. 1 लाख रुपये अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. झाले 40 लाख.

भाडे महिना 18 हजार, म्हणजे वर्षाला 2,16,000 रुपये. पण हे सगळे वाटायचे पैसे नव्हेत. घरपट्टी, देखभाल आणि दुरुस्तीसाठी वर्षाला 24 हजार धरा. एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत वर्षात एक महिना गाळा रिकामा राहिला तर 18 हजार गेले. कारभार पाहणाऱ्याला महिना 1 हजार म्हणजे 12 हजार. एकूण 54 हजार वजा केल्यावर उरतात 1,62,000 रुपये. चाळीस लाखांवर हे वर्षाला साधारण चार टक्के होतात. लाखामागे वर्षाला 4,050 रुपये, म्हणजे महिन्याला 337 रुपयांच्या आसपास.

तुम्ही कबूल केले आहेत महिन्याला दीड हजार. चाळीस लाखांवर ते दरमहा 60 हजार होतात. तुमचे स्वतःचे सहा लाख वगळले तरी 34 लाखांवर 51 हजार. गाळ्याचे भाडे मात्र 18 हजार. उरलेले 33 हजार कुठून आणणार? पहिले काही महिने खिशातून. मग अडचणीसाठी ठेवलेल्या एका लाखातून. त्यानंतर एकच वाट उरते: नव्या माणसाकडून 'माझेही ठेवा' म्हणून पैसे घ्यायचे आणि त्यातून जुन्यांना द्यायचे. फसवण्याचा विचार कोणाच्या मनात नसतो, पण हिशेबच माणसाला तिथे ढकलतो.

2019 साली बंगळूरची आयएमए ही कंपनी कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. दरमहा मिळणाऱ्या पैशाला तिथे हलाल नफा म्हटले जात होते. कंपनीचा प्रमुख देश सोडून गेला आणि त्याच वर्षी परतल्यावर त्याला अटक झाली. त्या रकमांत लेकींच्या लग्नाचे पैसे होते, हजसाठी साठवलेले पैसे होते. तुमचा व्यवहार एवढा मोठा नाही आणि तुमच्या मनात खोटही नाही. पण 'दर महिन्याला ठरलेला आकडा, आणि मुद्दल सुरक्षित' हे वाक्य दोन्हीकडे सारखेच आहे. हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकले की त्याला एकच प्रश्न विचारावा: भाडे किती येते?

आता खरा वाटा पाहा. निव्वळ 1,62,000 मधून कुवेतच्या भावाला 40 टक्के, म्हणजे 64,800. मामांना 25 टक्के, 40,500. तुम्हाला 15 टक्के, 24,300. बहिणीला आणि गुरुजींना प्रत्येकी 10 टक्के, 16,200. बहिणीच्या हातात महिन्याला 1,350 रुपये येतील. ऐकायला थोडे वाटतात, पण ते खरे आहेत. शिवाय गाळ्याचा दहावा हिस्सा तिच्या नावावर आहे आणि भाडे वाढेल तसे तिचेही वाढेल. हे आकडे सगळ्यांसमोर ठेवा. त्यावर ज्याला यायचे तो येईल आणि ज्याला नको तो आजच 'नको' म्हणेल. पाच वर्षांनी कोर्टात भेटण्यापेक्षा हे बरे.

कायदाही तेच सांगतो

अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 2019 साली आला. परत करण्याच्या कबुलीवर लोकांकडून पैसे घ्यायचे, वर व्याज, बोनस किंवा नफा द्यायचा आणि त्यासाठी कोणत्याही नियामकाची परवानगी नाही, अशा योजनांसाठी त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. जवळच्या नातेवाइकांनी दिलेले कर्ज आणि भागीदारांनी भागीदारीत घातलेले भांडवल या कायद्याच्या बाहेर ठेवलेले आहे. पण शेजारचे गुरुजी नातेवाईक नाहीत. त्यांना 'दरमहा सहा हजार आणि पाच वर्षांनी मुद्दल' असा वायदा दिला, त्यांच्यामागून आणखी चार ओळखीचे आले, तर तुमचा घरगुती व्यवहार ठेव योजनेसारखा दिसू लागतो. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी 1999 चा स्वतंत्र कायदाही आहे. ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद त्यात आहे.

गुरुजींचे नाव खरेदीखतावर दहा टक्क्यांचे मालक म्हणून आले, तर ते ठेवीदार राहत नाहीत, सहमालक होतात. शरीअत आणि देशाचा कायदा इथे एकाच दारात येऊन उभे राहतात.

खरेदीखतावर कोणाची नावे?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. आखाती देशातून भाऊ पैसे पाठवतो, इथला भाऊ स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावावर मालमत्ता घेतो आणि 'घरचेच आहे' म्हणून विषय संपतो. मग वडील जातात, भाऊ परततो आणि विचारतो, माझे काय?

बेनामी व्यवहारांचा कायदा 1988 चा आहे आणि 2016 च्या दुरुस्तीने तो कडक झाला. आपला पैसा घालून पत्नी किंवा मुलांच्या नावावर मालमत्ता घेता येते, पैशाचा स्रोत दाखवता आला पाहिजे. भाऊ, बहीण, आईवडील यांच्या बाबतीत मात्र सवलत तेव्हाच आहे, जेव्हा कागदावर पैसे देणाऱ्याचे नावही सहमालक म्हणून असते. मामा तर या यादीतच नाहीत. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याला 'खरा मालक मीच' म्हणून अशा मालमत्तेवर दावाही लावता येत नाही, आणि मालमत्ता सरकारजमा होण्याचा धोका वेगळाच.

म्हणून खरेदीखतावर पाचही नावे हवीत आणि प्रत्येकापुढे टक्केवारी हवी: 40, 25, 15, 10, 10. टक्केवारी लिहिली नाही, तर पुढे सगळे समान मालक आहेत असा वाद उभा राहू शकतो. हीच नावे घरपट्टीच्या नोंदीत, मिळकत पत्रिकेवर किंवा सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर चढवून घ्या.

पैसे प्रत्येकाने आपापल्या बँक खात्यातून थेट विकणाऱ्याला द्यावेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. कुवेतच्या भावाने आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून द्यावेत. परदेशस्थ भारतीयाला दुकान किंवा फ्लॅट घेता येतो, शेतजमीन मात्र घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. सह्यांसाठी त्याने तुम्हाला मुखत्यारपत्र द्यावे, तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून. ते भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. त्यात नेमकी कामे लिहावीत: खरेदी, नोंदणी, भाडेकरार. 'विकण्याचा अधिकार' सहज म्हणून त्यात घालू नये.

बहिणीविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. सोने तिचे आहे, मेहरही तिचीच. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही आणि भावाचाही नाही. सराफाने सोन्याचे पैसे तिच्याच खात्यावर जमा करावेत आणि तिथून ते विकणाऱ्याकडे जावेत. खरेदीखतावर तिचे स्वतःचे नाव यावे, मेहुण्यांचे किंवा तुमचे नव्हे. भाड्याचा हिस्साही तिच्याच खात्यावर जावा. 'ताईचे काय, ती आपलीच' असे म्हणत सर्वांत शेवटी जिचा हिशेब होतो, ती बहुतेक घरांत बहीणच असते.

पाच-सात माणसांसाठी सहमालकी पुरते. माणसे जास्त असतील, एकाहून अधिक मालमत्ता घ्यायच्या असतील, तर नोंदणीकृत भागीदारी संस्था किंवा 2008 च्या कायद्याखालची मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, यांचा विचार करावा. पण तिथे दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात आणि लेखापालाची फी येते. एका गाळ्याच्या भाड्याला तो बोजा परवडत नाही.

कारभार पाहणाऱ्याचे काय?

भाडे गोळा करणे, नळ दुरुस्त करून घेणे, नगरपालिकेत खेटे घालणे ही कामे तुम्हीच करणार. त्याचा मोबदला घेणे योग्य आहे, पण तो आधी ठरलेला आणि सर्वांना माहीत असलेला हवा. सहमालकीच्या मालमत्तेचे भाडे मालकीच्या प्रमाणातच वाटले जाते. कोकणातील आपले बहुसंख्य लोक शाफई आहेत. त्या मजहबात भागीदारीचा नफा आणि तोटा दोन्ही भांडवलाच्या प्रमाणातच जातात. हनफी मजहबात धंद्याच्या भागीदारीत नफ्याचे प्रमाण आपसांत वेगळे ठरवता येते, तोटा मात्र भांडवलाप्रमाणेच. म्हणून सर्वांना मानवेल अशी सोपी पद्धत म्हणजे वाटा मालकीप्रमाणे आणि कामाची मजुरी वेगळी. वर आपण धरलेले महिना 1 हजार ही तीच मजुरी. वाटा आणि मजुरी एकाच ओळीत लिहू नका.

दर तीन महिन्यांनी एक कागद सर्वांना पाठवा: भाडे किती आले, खर्च कशावर झाला, शिल्लक किती. भाड्यासाठी वेगळे बँक खाते ठेवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर शामपर्यंत व्यापार केला, तो त्यांच्या अमानतदारीच्या लौकिकामुळे. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्याची खरी पुंजी तीच असते.

बाहेर पडण्याची वाट

तीन वर्षांनी बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले आणि तिला पैसे हवे झाले, तर? हे आजच ठरवा. तिने आपला हिस्सा आधी बाकीच्या चौघांना देऊ करावा. सहमालकाचा हा पहिला हक्क, शुफा, फिक्हमध्ये जुना आहे. किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने ठरावी. त्यासाठी दोन जाणकारांकडून अंदाज घ्यावा आणि मधली रक्कम धरावी. पैसे किती दिवसांत द्यायचे, हेही लिहावे, समजा 90 दिवस. कोणीच घेतला नाही, तर बाहेरच्याला विकण्याची तिला मोकळीक असावी.

'बाहेर पडणाऱ्याला त्याची मूळ रक्कम परत मिळेल' असे मात्र लिहू नका. तसे लिहिले की भागीदारीचे पुन्हा कर्ज होते. गाळा विकून 34 लाखच हातात आले, तर बहिणीच्या वाट्याला 3,40,000 येतील. 44 लाख आले, तर 4,40,000. हे तिला आज, सोने मोडण्याआधी, कळले पाहिजे. सोने मोडायचे की नाही, हा निर्णय तिचा आहे आणि तो तिने डोळे उघडे ठेवून घ्यावा.

तुम्हाला पुढे सगळ्यांचे हिस्से घेऊन एकटे मालक व्हायचे असेल, तर तेही शक्य आहे. दर काही वर्षांनी एकेकाचा हिस्सा त्या दिवसाच्या भावाने घ्यायचा. तुमची टक्केवारी वाढेल आणि भाड्यातला त्यांचा वाटा तेवढा कमी होईल. प्रत्येक वेळी दस्त, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आली, म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांऐवजी दोन-तीन टप्प्यांत घ्या.

आणि मृत्यू. उद्या मामांचे बरेवाईट झाले आणि मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असतील, तर त्यांच्या हिश्श्यातला आठवा भाग मामींचा, उरलेल्यातले दोन भाग मुलाचे आणि एक भाग मुलीचा. दहा लाखांचे मूल्य धरले तर मामींना 1,25,000, मुलाला सुमारे 5,83,000 आणि मुलीला सुमारे 2,92,000. ती मुलगी सासरी दूर असली, तरी भाड्यातला तिचा हिस्सा तिच्या खात्यावर गेला पाहिजे. 'तिने सोडून दिला असेल' असे गृहीत धरणे म्हणजे हक्क मारणे. म्हणून प्रत्येक सहमालकाने आपला हिस्सा घरी पत्नीला आणि मुलामुलींना सांगून ठेवावा, कागदाची प्रत त्यांच्याकडे द्यावी.

गाळा घेण्याआधी

हिस्से कितीही नीट पाडले, तरी गाळाच कच्चा असेल तर काय उपयोग? 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळून 74 माणसे मेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 जण दगावले. घर स्वस्तात मिळते तेव्हा ते का स्वस्त आहे, हे आधी विचारावे.

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. जमीन बिनशेती झाली आहे का, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मालमत्तेवर बोजा आहे का, हे कागद पाहून ठरवा, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. जमीन इनामाची, देवस्थानाची किंवा वक्फची नाही ना, याची खात्री करा. चाचणी झाली नसेल आणि इमारत जुनी असेल, तर अभियंत्याला दाखवा. दहा हजार रुपये फी वाचवून चाळीस लाख पणाला लावू नयेत.

भाडे, कर आणि जकात

महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकाची आहे. कोणत्या धंद्याला गाळा द्यायचा नाही, हेही पाचही जणांनी आधीच ठरवावे. भाडे हलाल व्हायचे तर आत चालणारा धंदाही पाहावा लागतो.

टक्केवारी लिहिलेली असली की प्राप्तिकरासाठी प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचे भाडे आपल्याच विवरणपत्रात दाखवायचे असते. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. परदेशी राहणाऱ्या भावाच्या हिश्श्यावर मात्र भाडेकरूला कर कापून भरावा लागतो. हे दुकानदाराला आधी सांगा, नाहीतर पहिल्याच वर्षी वाद होईल.

भाड्यासाठी घेतलेल्या गाळ्याच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून साठलेली रक्कम तुमच्या इतर बचतीसह निसाबपर्यंत पोहोचली आणि वर्ष झाले, तर त्यावर अडीच टक्के. गाळा भाड्यासाठी नव्हे, तर चढ्या भावाने विकण्यासाठीच घेतला असेल, तर तो व्यापाराचा माल ठरतो आणि किमतीवरही जकात येते. म्हणून नियत पहिल्या दिवशीच स्पष्ट ठेवा.

एक कागद, सात ओळी

खरेदीखताशिवाय पाचही जणांचा आपसांतला एक करार करा. वकिलाकडून लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यात एवढे असावे:

1. कोणी किती दिले आणि कोणाची मालकी किती टक्के.
2. भाडे आणि खर्च मालकीच्या प्रमाणात, तोटाही त्याच प्रमाणात. ठरलेल्या रकमेची हमी कोणाला नाही.
3. कारभार कोण पाहणार आणि त्याची मजुरी किती.
4. किती खर्चापर्यंत कारभाऱ्याने स्वतः ठरवावे आणि कधी सर्वांना विचारावे.
5. हिशेब केव्हा द्यायचा, पैसे कोणत्या खात्यावर.
6. बाहेर पडायचे असल्यास किंमत कशी ठरवायची, मुदत किती.
7. मृत्यू झाल्यास वारसांचे हक्क आणि वाद झाल्यास मध्यस्थ कोण.

भावाभावांत लिखापढी कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह बकराची 282 वी आहे आणि तिचा विषय देण्याघेण्याची लिखापढी हाच आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहून ठेवण्याचा, न्यायाने लिहिणारा शोधण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम तिथे आहे. तो अनोळखी माणसांपुरता मर्यादित नाही. घरचे म्हणून लिहिले नाही आणि लिहिले नाही म्हणून घर फुटले, अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

तेव्हा भाई, तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे. या आठवड्यात चौघांनाही फोन करा आणि दीड हजाराची कबुली मोकळेपणाने मागे घ्या. वरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. बहिणीला सांगा की महिन्याला 1,350 च्या आसपास मिळतील, कधी कमीही मिळतील, पण गाळ्याचा दहावा हिस्सा तिच्या नावावर असेल. गुरुजींना आयुष्याची बचत जशीच्या तशी परत हवी असेल, तर त्यांना या व्यवहारात घेऊच नका. मग चार लाख कमी पडतील. ते कोणी हिश्श्यात देतो का पाहा, नाहीतर लहान गाळा पाहा. करार सही करण्याआधी एकदा तुमच्या भागातील मुफ्तींना आणि एकदा वकिलाला दाखवा.

अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो आणि नात्यांत गोडवा राखो. आमीन.